काटोलहून अंधारात परतताना

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता मी एक गोष्ट करून बसले आहे आणि ती फोनवर सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही गाडीच्या हेडलाइटमध्ये हौसेने बसवलेले ते एलईडी बल्ब काढून, आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे अख्खे एलईडी हेडलाइट देते तेच बसवायला मी सांगितले असून पैसेही भरले आहेत. आपल्या गाडीच्या वायरिंगला ते चालतात, हे सर्व्हिस सेंटरकडून लिहून घेतले आहे.

निवड तुमची चुकली असे मी म्हणत नाही, कारण दुकानात भिंतीवर तो उजेड कुणालाही भुरळ घालील असाच पडतो. परंतु आपल्या दिव्याची वाटी हॅलोजनच्या बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेली आहे. तिथे एलईडीच्या चिपा आल्या की प्रकाश वर फेकला जातो, बंपरपुढची जमीन लख्ख होते, डोळा तिला सरावतो आणि लांबचा बैल मात्र दिसत नाही. समोरचे ट्रकवाले तुम्हाला डिपर देतात ते उगीच नव्हे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असे परस्पर बदल करता येत नाहीत. त्यातून तुमच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे, आणि निळसर पांढरा उजेड अशा डोळ्यात अधिकच पसरतो. काटोल रस्त्यावरचा तो प्रसंग मी उकरून काढत नाही.

लहानपणी स्कूटरवर तुमच्यापुढे उभी राहून मी त्या मिणमिणत्या दिव्यात मैलाचे दगड मोजत असे; तेव्हा मला कधीच भीती वाटली नाही. आता पुण्यात बसून मात्र वाटते.

गाडी दोन दिवस सर्व्हिस सेंटरलाच राहील, म्हणून आई, मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जाण्यासाठी नेहमीच्याच रिक्षावाल्याला सांगून ठेवले आहे. तुझा नेम चुकणार नाही.

गाडी आली की टायरमधली हवा बघून ती सपाट जागी, कंपाउंडच्या भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर उभी करावी, हेडलाइटचा झोत वर-खाली करणारे बटण शून्यावर ठेवावे आणि बाबांनी फक्त चालकाच्या जागी बसावे. आईने शिवणाच्या टेपने दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ ओढावी. एकेक दिवा पुठ्ठ्याने झाकून पाहिल्यावर लो बीमची वरची कड त्या रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. डावीकडे ती किंचित वर चढते, रस्त्याकडेच्या सायकलवाल्यासाठी, तो दोष नव्हे. फरक दिसल्यास, बाबा, स्क्रू तुम्ही फिरवायचा नाही, गाडी परत न्यायची. आणि डिकीत संत्र्यांच्या पेट्या भरल्या की मागची बाजू दबून उजेड वर जातो, तेव्हा ते बटण एक-दोन घर पुढे न्यायला विसरू नका.

जुने बल्ब फेकलेले नाहीत, पण माळ्यावरून ते पुन्हा काढू नका. खडूच्या रेघेचा फोटो आईने मला पाठवावा.

तुमची,
धाकटी