मास्तर, त्या साडेतीन तासांबद्दल

आदरणीय मास्तर,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला आले की तुम्ही चहा टाकायला सांगता आणि दुसराच विषय काढता. दोनदा असंच झालं. म्हणून आता लिहून मानते, तेही चारचौघांत. आमच्या काचेवर नक्षी कोरायच्या धंद्यातल्या आणखी कुणापुढे असं काम येऊन उभं राहिलं, तर त्यालाही तुमचं बोलणं उपयोगी पडेल.

दसऱ्याच्या सुमाराला ते काम आलं. आपल्या सोलापुरात होटगी रोडच्या नव्या मंगल कार्यालयाला 23 काचा हव्या होत्या. प्रत्येक काच 7 फूट बाय 3 फूट, 12 एमएम जाड. त्यातल्या सात काचांवर सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, खोल कोरायचे, एका काचेवर एक. बाकीच्या सोळांवर वेलबुट्टीची किनार. मुदत 45 दिवस. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं, त्याच्याच अक्षता आपण दर संक्रांतीला टाकतो. लग्नाच्या हॉलला याहून शोभेल असं दुसरं काय? कल्पना ऐकूनच मी हरखले होते. रक्कम ऐकून भावानं हवेचा दाब देणाऱ्या नव्या कॉम्प्रेसरचं कोटेशन मागवलं. माझ्या हातून तोवर झालेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे देवघराचं दार, 4 फूट बाय अडीच.

तुमच्याकडे मी आले होते ती फक्त नक्षी विचारायला. चादरीच्या कारखान्यात तुम्ही उभा जन्म ग्राफवर नक्षीचे चौकोन भरण्यात घालवलात. नंदीध्वज पेलणारे बाराबंदी घातलेले मानकरी थोड्या रेषांत कसे बसवायचे, हे तुमच्याशिवाय आपल्या विणकरांच्या पूर्व भागात कुणाला विचारणार? काच मागच्या बाजूनं कोरतात, म्हणून नक्षी उलटी काढायची आणि जे डोळ्याला सगळ्यात पुढं दिसायला हवं ते आधी आणि सगळ्यात खोल कोरायचं, एवढं मी सांगितलं. तुम्हाला ते लगेच उमगलं. चादरीत एका बाजूला जमिनीचा रंग असतो तोच दुसऱ्या बाजूला नक्षीचा होतो, असं म्हणालात आणि पेन्सिल खाली ठेवलीत.

"सूत कुणाचं?" तुम्ही विचारलंत.

काच मालकाची, मी म्हणाले.

"आणि पीस डॅमेज निघाला तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मजुरीवर माग चालवणाऱ्याला हा हिशेब आधी करावाच लागतो. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी आपली, बिघडलेला माल कुणाच्या नावावर, हे मागावर सुताचं बीम चढायच्या आधी ठरतं. आमच्याकडे तर धोका दुहेरी. टफन केलेल्या, म्हणजे तापवून कणखर केलेल्या, काचेच्या दोन्ही अंगांना दाबाखालचा एक थर असतो. वरवर धुरकट करायला हरकत नाही, पण खोल कोरायला गेलं आणि तो थर भेदला, की अख्ख्या काचेचे क्षणात दाणे होतात. म्हणून आधी कोरायचं आणि मग पुण्याला टफन करायला पाठवायचं. तिथं काच 600 अंशांच्या वर तापते आणि वाऱ्याच्या झोतानं एकदम थंड होते. कोरलेली काच जाडीला सारखी नसते, त्यामुळे भट्टीत फुटायची भीती साध्या काचेपेक्षा जास्त. हे सगळं मला ठाऊक होतं. फुटली तर ती कुणाची, हे मात्र मी मालकाला विचारलंच नव्हतं. विचारलं तर काम हातचं जाईल, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गाळ्यावर आलात. 3 चौरस फुटांचा एक तुकडा मला करायला लावलात आणि स्वतः मनगटावरचं घड्याळ काढून स्टुलावर बसलात. काच झाकणारा विनाइलचा चिकट कागद लावायला 20 मिनिटं. कोरायच्या जागचं विनाइल सुईनं उचलायला 1 तास 50 मिनिटं. ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या झोतानं कण मारून कोरायला, 50 मिनिटं, कारण कॉम्प्रेसरची हवा संपली की थांबावं लागायचं. धुऊन-पुसून व्हायला अर्धा तास. आम्ही दोघं राबून साडेतीन तास. नंदीध्वजाची एक काच याच्या सातपट, म्हणजे साडेचोवीस तास, आणि सात काचांना रोज आठ तासांप्रमाणे जवळजवळ साडेएकवीस दिवस. किनारीच्या सोळा काचांना निम्मा वेळ धरला तरी साडेचोवीस दिवस. एकूण 46. वीज गेली नाही, कुणी आजारी पडलं नाही, एकही काच फुटली नाही, तरी 46. मी चौरस फुटाचा भाव लावून बसले होते. तासांचा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा मांडला.

हिशेबापेक्षाही तुमच्या एका प्रश्नासाठी मी जास्त ऋणी आहे. कोपऱ्यात वाळूची चार पोती होती. ब्लास्टिंगला आम्ही एरवी अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण वापरतो. ते महाग, म्हणून एवढ्या मोठ्या कामापुरती वाळू वापरावी असं आमचं ठरत आलं होतं. तुम्ही पोत्याला हात लावलात, भावाच्या तोंडाला बांधलेल्या रुमालाकडे बघितलंत आणि विचारलंत, "ही धूळ कुठं जाते?" मागाच्या शेडमधला कापसाचा फुफाटा तुमच्या छातीत किती वर्षं साठला, हे सगळी गल्ली रात्री ऐकते. वाळूची धूळ त्याहून वाईट. फुटलेल्या सिलिकाचे बारीक कण फुप्फुसात रुतून बसतात, आणि त्यानं होणारा सिलिकोसिस कुठल्याही औषधानं मागे फिरत नाही. काचेच्या कामात राहून मला हे माहीत नव्हतं असं नाही. पैशाच्या आकड्यापुढे मी ते बाजूला सारलं होतं, आणि डोकं भावाचं जाणार होतं त्या धुळीत. पोती त्याच संध्याकाळी एका गवंड्याला देऊन टाकली. रुमालाच्या जागी फिल्टरचा मास्क आला.

काम घे किंवा नको घेऊ, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणाला नाहीत. जाता जाता एवढंच म्हणालात, "पोरी, किनार कुणीपण करंल की. नंदीध्वज कोण करणार ते बघ."

मी मालकांना भेटून सांगितलं: सात काचा करते, सोळा दुसऱ्याकडे द्या. भट्टीत फुटली तर काच तुमची आणि पुन्हा कोरायची मजुरी माझी. निम्मे पैसे आधी. साठ किलोच्या आसपास वजनाची काच उचलायला चार माणसं तुमची. बोलताना आवाज कापत होता. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी हे सगळं कागदावर लिहून द्यायला सांगितलं. सोळा काचा दुसऱ्या एका वर्कशॉपनं केल्या, चांगल्या केल्या.

तिसरी काच पुण्याला भट्टीत फुटलीच. फोन आला तेव्हा मी पाचवीचं विनाइल उचलत होते. पोटात गोळा आला, पण कागद होता आणि दिवसही हातात होते. मालकांनी नवी काच पाठवली, मी पुन्हा कोरली. करार नसता तर त्या एका फोननं वर्षाची कमाई गेली असती, आणि 23 काचांच्या घाईत बहुधा एकच नाही, आणखीही फुटल्या असत्या.

काचा आता बसल्या आहेत. गड्ड्याच्या आधी हॉल सुरू होतोय, आणि मालकांनी तुम्हाला मुद्दाम बोलावलं आहे. मी रिक्षा घेऊन येते. आत गेल्यावर डावीकडून तिसरी काच जरा जवळून बघा. दुसऱ्या खेपेला मानकऱ्यांच्या बाराबंदीच्या गाठी मी तुमच्या ग्राफप्रमाणे काढल्या आहेत. पहिल्या खेपेला त्या मला जमल्या नव्हत्या.

तुमची,
गल्लीतली काचवाली