चाळीस हजार की एक हजार?

संपादक महोदय,

मध्ययुगीन बगदादमधील ज्यू वस्तीवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख आवडला. पुण्यात लाल देवळाजवळ, म्हणजे इथल्या ज्यू प्रार्थनास्थळाजवळ, राहत असल्याने जरा जास्तच. बगदादहून निघून १८३२ मध्ये मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांची कबर याच देवळाच्या आवारात आहे.

एक मात्र खटकले. बाराव्या शतकातील प्रवासी, स्पेनमधील तुदेला गावच्या बेंजामिनने दिलेला ‘चाळीस हजार ज्यू’ हा आकडा लेखात शिरगणतीसारखा ठोकून दिला आहे. बेंजामिननंतर काही वर्षांतच जर्मनीतील रेगेन्सबुर्गचा ज्यू प्रवासी पेताहिया तिथे गेला होता. तो सांगतो, एक हजार! गंमत म्हणजे बेंजामिनच्याच प्रवासवर्णनाच्या एका छापील पाठातही हजारच आहेत.

मला वाटते, बेंजामिन दिपून गेला असावा. तो स्वतः ज्यू, आणि आलेला ख्रिस्ती राजांच्या मुलखातून. इथे पाहतो तो काय, ज्यूंचा प्रमुख दानिएल दर गुरुवारी रेशमी झगा, भलेमोठे पागोटे घालून घोड्यावरून खलिफाच्या भेटीला निघालाय आणि पुढे भालदार ओरडताहेत, दाविदाच्या वंशजाला वाट द्या! खलिफा त्याच्यासाठी उठून उभा राहतो, असेही बेंजामिन लिहितो. एवढे पाहिल्यावर कोण डोकी मोजत बसणार?

पेताहिया पोहोचला तेव्हा दानिएलला वारून वर्ष झाले होते. त्यामुळे ती मिरवणूक त्याच्या नशिबी नव्हती. त्याने टिपली ती तिथल्या ज्यू विद्यापीठाचे प्रमुख शमुएल बेन अली यांची एकुलती एक मुलगी. धर्मग्रंथ आणि तालमूद (ज्यू धर्मशास्त्रावरील चर्चांचा ग्रंथ) यांत पारंगत. ती घरात, खिडकीच्या आड बसून शिकवायची. तरुण विद्यार्थी खाली, बाहेर. आवाज ऐकू यायचा, बाई दिसायची नाही. बगदादमध्ये परस्त्रीकडे कोणी पाहत नाही, हे त्याने आधीच नोंदवले आहे, म्हणून खिडकीचा अर्थ लागतो. मुलीचे नाव मात्र त्याने दिलेले नाही.

लेखमालेचा पुढचा भाग १९५०-५१ मध्ये लाखाहून अधिक ज्यू इराक सोडून गेले त्यावर आहे, असे दिसते. त्याआधी चार ओळी पेताहियालाही द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, कॅम्प, पुणे