नंबर तोच आहे

श्टुटगार्ट,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. ड्यूटी, जेवणखाण, थंडी हे सगळं फोनवर बोलणं होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. पत्र लिहायला बसले ती त्या मोबाईलच्या करारासाठी. फोनवर हा विषय निघाला की बाबा चिडतात, आई घाबरते आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं.

आई, सप्टेंबरात दोन दिवस माझा फोन लागला नाही तेव्हा मी आजारीबिजारी नव्हते गं. नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेला, त्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून आले आणि फोन बंद करून झोपले. तू रात्रभर जागी होतीस हे दादाकडून कळलं. तुला आधी सांगून ठेवायला हवं होतं.

बाबा, तुम्ही म्हणता दंड भर आणि मोकळी हो. पण इथे दंड भरून सुटायचा हक्कच नसतो. करार २४ महिन्यांचा केला, तर २४ महिन्यांचे पैसे द्यायचे. उरलेली बिलं हाच काय तो दंड. आपल्याकडे रिचार्ज संपला की विषय संपला, म्हणून तुम्हाला हे पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. मी १२ मार्च २०२४ ला, इथे येऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, दुकानात सही केली. सहीआधी कराराचा गोषवारा हातात देतात, तसा मलाही दिला होता. पण मला पेशंटशी बोलण्यापुरतं जर्मन येत होतं, करारातलं नाही. ऑनलाइन घेतलं असतं तर १४ दिवसांत परत करता आलं असतं, दुकानातल्या सहीला ती सवलत नाही. तेव्हा तुम्हाला रोज फोन करता यावा एवढंच डोक्यात होतं.

ऑगस्टमध्ये खोली बदलली आणि या खोलीत त्या कंपनीची रेंज मिळेना. तुमचा आवाज तुटायचा तो त्यामुळेच. कंपनीला लिहिलं, पण करार सोडायला ते कारण त्यांनी मानलं नाही. मग मी दुसरीकडचं साधं प्रीपेड कार्ड घेतलं आणि नंबर तिकडे नेला. नंबर न्यायला एक पैसा पडत नाही, १ डिसेंबर २०२१ पासून तसा कायदाच आहे. मला वाटलं, नंबर गेला म्हणजे जुना करारही संपला. तो संपत नाही. जुन्या कार्डाला दुसराच नंबर मिळाला, जो कोणालाही माहीत नाही, आणि दरमहा ४० युरो कापले जात राहिले.

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते शेजारच्या आजींनी. करार सोडण्याच्या नोटिशीला इथे 'क्युंडिगुंग' म्हणतात आणि प्रत्येक गोष्टीला ती लागते. भाड्याचं घर सोडायचं तर तीन महिने आधी. जिम, वर्तमानपत्र, विमा, सगळ्याला. आजींकडे एक जाडजूड फाइल आहे. त्यात प्रत्येक कराराला एक रंगीत पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तारीख, कोणत्या दिवसापर्यंत नोटीस पोचली पाहिजे ती. पूर्वी ती तारीख चुकली की मोबाईलचा करार आपोआप आणखी वर्षभर वाढायचा. आजींचा एकदा तसा वाढला होता, तेव्हापासून ही फाइल. आता कायदा बदललाय. पहिली मुदत संपली की पुढे केव्हाही महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर करार सोडायचं बटणसुद्धा ठेवावं लागतं. ईमेलही चालतो. तरी आजींनी मला समोर बसवून कागदावर लिहायला लावलं. ग्राहक क्रमांक, नंबर, आणि मग एक ठरलेलं वाक्य: मुदतीचं पालन करून, शक्य त्या सर्वांत जवळच्या तारखेला करार संपवत आहे. माझी तारीख मोजण्यात चूक झाली तरी या वाक्यामुळे नोटीस वाया जात नाही. खाली, पोच कळवावी अशी विनंती. रजिस्टर करून पाठवलं, आणि पावती आजींनी स्वतः पंच करून मला फाइलला लावून दिली. मला तेव्हा तुमची लाइटबिलांची फाइल आठवली, बाबा.

कंपनीचं उत्तर आलंय. करार ११ मार्च २०२६ ला संपतो. म्हणजे काळजीचं काही नाही. बँकेला सांगून पैसे थांबव असं तुम्ही म्हणालात, ते मात्र मी करणार नाही. बिल थकलं की आधी स्मरणपत्रं, मग वसुलीवाले, आणि पुढे 'शुफा'कडे नोंद, म्हणजे कोणी पैसे थकवले याची नोंद ठेवणाऱ्या इथल्या संस्थेकडे. इथे घर भाड्याने देताना मालक शुफाचा कागद मागतो. मला नावावर डाग नको आहे.

सप्टेंबर ते मार्च मिळून अडीचशे युरोच्या आसपास फुकट जातील. गेल्या दोन महिन्यांत कर्जाच्या हप्त्यासाठी कमी पैसे आले ते म्हणूनच. खोलीचं डिपॉझिटही त्याच सुमारास भरलं. एप्रिलपासून पूर्ण रक्कम येईल, मागचीही भरून काढेन. दादाकडून घेऊ नका, त्याच्यापुढे लग्नाचा खर्च आहे. मे महिन्याची रजा मी मागितली आहे, हॉलची तारीख पक्की झाली की लगेच कळवा.

मावशीने आणलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा बरा वाटला. मी त्याच्याशी आधी बोलेन, पण मी बोलेपर्यंत कोणाला शब्द देऊ नका. नोकरी सोडून परत ये असं ते म्हणणार असतील, तर ते आत्ताच कळू दे.

आणखी एक. दिवाळीला रजा नाही असं मी सांगितलं होतं. रजा होती, चार दिवसांची. तिकिटाला पैसे नव्हते. फराळाचा डबा पोचला, चकल्या अजून पुरवून खातेय.

आई, फोनच्या वहीत पहिल्या पानावर माझा नंबर आहे तो खोडू नकोस. कंपनी बदलली, नंबर तोच आहे.

तुमची
सोनू