बाबा, त्या कागदावरच्या सहीबद्दल

भांडुप,
रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांना माझं निम्मं बोलणं ऐकू आलं नाही. उरलेलं आईने त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं आणि त्या गडबडीत मूळ गोष्ट राहूनच गेली. म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाबा, पडवीत उजेडाला बसा, चष्मा लावा आणि आईला वाचून दाखवा. मधला भाग तुमच्याबद्दल आहे. तो गाळू नका.

वकिलीच्या पहिल्या सत्राची परीक्षा शुक्रवारी संपली. अपकृत्याचा, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई द्यावी लागते त्या कायद्याचा, पेपर बरा गेला, कामगार कायद्याचा फार चांगला गेला. करार कायद्यात दहा मार्कांचा एक प्रश्न अर्धाच राहिला. वीस वर्षांत सलग लिहायची सवय मोडली आहे, शेवटी शेवटी बोटं वळेनात. निकालाला वेळ आहे. पण पास होईन, तेवढा अभ्यास नक्की झालाय.

आई, तुला माझ्या झोपेची काळजी. पहाटे चारला उठते हे खरं, पण रात्री दहाला आडवी होते. भाकरी तुमचे जावई थापायला शिकलेत, मी भाजी टाकते आणि तिघांचे डबे भरून साडेपाचच्या सुमाराची स्लो लोकल धरते. त्या वेळी बसायला जागा मिळते, पण करी रोड आलं की मी उठून दाराशी उभी राहते. बाबांच्या गिरणीच्या जागी आता काचेचे टॉवर आहेत. पलीकडे एखाद्या गिरणीची चिमणी अजून उभी दिसते. लेक्चर बरोबर सातला सुरू होतं. पहिल्या दिवशी वेळापत्रकात सात वाजताची वेळ वाचली आणि मला पहिली पाळी आठवली. मी गिरणी संपात जन्मलेली, भोंगा काही मी कानांनी ऐकलेला नाही. तरी भोंग्याआधी तुमचा डबा भरून व्हायचा, हे आईने इतक्यांदा सांगितलंय की ती घाई माझ्या अंगात आपोआप आली आहे.

वर्गातली मुलं एकवीस-बावीस वर्षांची. मला ताई म्हणतात. पहिले पंधरा दिवस मी मागच्या बाकावर गप्प बसायचे, कारण इंग्रजी ऐकायला कळायचं पण बोलायला तोंड उघडत नसे. मग एका मुलीने स्वतःहून तिच्या नोट्स दिल्या, मी झेरॉक्स काढल्या, आणि तिला हिशेबाचं एक गणित समजत नव्हतं ते मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर समजावलं. तेव्हापासून दुसऱ्या बाकावर बसते.

आता खरी गोष्ट. ऑगस्टमध्ये एके दिवशी सरांनी फळ्यावर फक्त एक तारीख लिहिली, १८ जानेवारी १९८२, आणि विचारलं, या दिवशी मुंबईत काय झालं? वर्ग शांत. मी हात वर केला. म्हटलं, गिरण्यांचा संप सुरू झाला, माझे बाबा साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. बाबा, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत बोलले. शाळेत असताना वडील काय करतात विचारलं की मी वॉचमन सांगायचे, गिरणी कधी सांगायचे नाही. त्या दिवशी अख्खा वर्ग मागे वळला आणि सर म्हणाले, मग हा कायदा तुम्ही नीट लक्ष देऊन ऐका.

तो कायदा म्हणजे १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट. तुम्ही सगळे ‘बीआयआर’ म्हणायचात. पत्ते खेळताना साताऱ्याचे काका हा शब्द शिवीसारखा उच्चारायचे आणि मला लहानपणी ते एखाद्या माणसाचं नाव वाटायचं. या कायद्यात एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन. किमान २५ टक्के सभासद दाखवून तिने नोंदणी केली की सगळ्यांच्या वतीने बोलणी करायचा हक्क तिचा. म्हणजे मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे रस्त्यावर उतरले, तरी कायद्याच्या चौकटीत त्यांच्याशी बोलायला मालक बांधील नव्हते. हा कायदाच रद्द करा ही तुमची एक मागणी होती. मला आजवर वाटायचं की संप पगाराचा आणि बोनसचा होता. तुम्ही आपलं कोण, हे ठरवायचा हक्क मागत होतात, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी समजलं.

संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, हेही सरांनी सांगितलं. तुम्ही नेहमी म्हणता, आम्हीच कुठेतरी कमी पडलो. संप मोडण्याची कारणं पुष्कळ असतील. पण ज्या दारातून आत जायचं ते दार कायद्याने आधीच दुसऱ्या युनियनच्या नावावर करून ठेवलं होतं. हे तुमच्या ‘कमी पडलो’मध्ये कुठेच येत नाही. ते आलं पाहिजे.

आई, आता तुझं. आज रविवार आहे म्हणून आधी हे सांगते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळाली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती. मी हे वाचत होते आणि मला तू रविवारी पहाटे मटणाचं वाटण वाटताना दिसत होतीस. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चौदा माणसांची खाणावळ. गिरणीला सुट्टी म्हणजे तुला दुप्पट काम. मी पुस्तकात तुला शोधलं, आई. फॅक्टरी ॲक्टमधला कामगार म्हणजे तू नव्हतीस, औद्योगिक विवाद कायद्यातला ‘वर्कमन’ तर नव्हतीसच. चौदा कामगारांचं जेवण एका बाईवर, ते चौदा कायद्यात होते आणि ती बाई नव्हती. अभ्यासात तू मला भेटलीस ती २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात, स्वतःचा धंदा करणाऱ्यांच्या व्याख्येत. तोवर तुझी खाणावळ बंद होऊन किती वर्षं झाली होती!

त्या कायद्याच्या कितीतरी आधी प्रेमा पुरवांनी खाणावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. त्या बायकांबरोबर तूही बँकेत अंगठा न देता सही करून आली होतीस, हे तू फार आनंदाने सांगतेस. मी ते वर्गात सांगितलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

तुझ्या उधारीच्या वहीचीही गोष्ट आहे. संपात चौदापैकी नऊ जण पैसे न देता जेवत होते आणि तू रोज तारीख घालून लिहीत होतीस. साताऱ्याचे काका पाच वर्षांनी आले आणि वहीत बघून शेवटच्या रुपयापर्यंत पैसे मोजून गेले. आता ऐक. अशा उधारीला कायद्याने तीन वर्षांची मुदत असते. ती उलटली की कोर्टात मागता येत नाही. मात्र मुदत गेलेलं देणं मी देईन असं कोणी लिहून, सही करून दिलं, तर ते वचन बांधून ठेवतं. करार कायद्याच्या २५ व्या कलमात आहे. काकांनी काही लिहून दिलं नव्हतं. ते द्यायला मुळीच बांधील नव्हते. मी हे कलम वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, आणि तिथे मला, बाबा, तुमचा कागद दिसला.

२००३ चं आठवा. माझं बी.कॉम. झालं होतं, मला तेव्हाच वकिलीला जायचं होतं आणि घरात फीचे पैसे नव्हते. काहीतरी कागद शोधताना ट्रंकेत तो इंग्रजीतला टाइप केलेला हिशेबाचा कागद सापडला. त्यात लिहिलं होतं की मी स्वखुशीने राजीनामा देत आहे आणि माझं कोणतंही येणं बाकी नाही. खाली तुमची सही, १९८४ ची. मी तुम्हाला वाचून दाखवलं आणि म्हणाले, न वाचता सही केलीत म्हणून आमच्यावर ही वेळ आली. तुम्ही काही बोलला नाहीत. शर्ट घालून बाहेर गेलात ते रात्रपाळीची वेळ होईपर्यंत आला नाहीत. आईने मला त्या दिवशी पहिल्यांदा मारलं.

बावीस वर्षं ते वाक्य माझ्या मनात आहे. तुमच्याही असणार, म्हणून लिहिते.

करार शिकवताना आधी आम्हाला ब्रिटनमधला १९३४ चा एक खटला सांगितला. कॅफे चालवणाऱ्या एका बाईने यंत्र विकत घेताना बारीक अक्षरातला कागद न वाचता सही केली, यंत्र चाललं नाही, आणि कोर्ट म्हणालं, सही केलीस म्हणजे बांधली गेलीस. ते ऐकून मला वाटलं, मी तुम्हाला बोलले ते कायद्याला धरूनच होतं. त्या रात्री झोप आली नाही. पुढे संमतीचं प्रकरण आलं. जबरदस्तीने घेतलेली संमती ही संमती नव्हे, असं कायदा म्हणतो. पण जबरदस्ती म्हणजे गुन्हा ठरणारं कृत्य करणं, कोणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं, किंवा त्याची धमकी देणं. घरात दोन वर्षांची मुलगी, चुलीवर रिकामं पातेलं आणि टेबलापलीकडचा माणूस म्हणतोय, सही कर नाहीतर पैसे नाहीत. हे त्या व्याख्येत सहज बसत नाही. मग ते स्पष्टीकरण वाचलं. मोबदला कमी आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही, पण संमती मोकळ्या मनाने दिली होती का हे ठरवताना कोर्ट त्या कमी मोबदल्याकडे पाहू शकतं.

आणि ऑक्टोबरमध्ये सरांनी १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला दिला, एका सरकारी जलवाहतूक कंपनीचा आणि ब्रोजो नाथ गांगुली यांचा. नोकरीच्या करारातल्या एका जाचक अटीचा प्रश्न होता. मला समजलं ते असं : दोन्ही बाजूंची ताकद मुळातच सारखी नसेल, दुबळ्या माणसापुढे ठरलेल्या जागी सही करण्यावाचून दुसरा रस्ताच नसेल, तर तसल्या अन्यायी अटी कोर्ट मानणार नाही. बाबा, मी ते पान लोकलमध्ये उभ्याने तीनदा वाचलं. तुमच्या सहीनंतर दोनच वर्षांनी देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने तुमच्यासारख्याच माणसाचं वर्णन करून ठेवलं होतं. मी मात्र सतरा वर्षांनंतर त्याच सहीवरून तुम्हाला दोष दिला.

त्या निकालाने तुमचे पैसे परत येतील असं मी म्हणत नाही. ती कंपनी सरकारी होती, तुमची गिरणी खाजगी, आणि मुदत कधीच उलटून गेली. खोटी आशा तुम्हाला दाखवणार नाही. पण माझं ते वाक्य चुकीचं होतं. तेव्हा मला कायदा माहीत नव्हता हे कारण पुरेसं नाही, कारण तुम्ही कोण आहात हे मला माहीत होतं. मला माफ करा.

२३ तारखेला निघते. तुमचा नातू बरोबर येतोय. दादरहून रात्रीची गाडी, सकाळी संगमेश्वरला उतरू, तिथून देवरुखची एसटी. स्टँडवर यायची गरज नाही, गुडघ्याला त्रास होईल. ट्रंक मात्र माळ्यावरून काढून ठेवायला शेजारच्या भाऊंना सांगा. तो कागद आपण दोघं बसून ओळ न् ओळ वाचू. मी मराठीत सांगत जाईन, तुम्ही मला सांगा त्या दिवशी त्या टेबलाशी काय काय झालं. मी लिहून घेईन. आई, उधारीची वही वाळवीने खाल्ली नसेल तर तीही काढ. त्या नऊ जणांची नावं मला हवी आहेत.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या इथून घेऊन येते, तिकडे घेऊ नका.

तुमची,
बाय