पंचमी तेराला, सूट पंधराला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर कोरोनाच्या नव्या व्हेरियंटची बातमी आणि शेजारी तोच लाल काटेरी चेंडू. २०२० पासून विषाणूनं किती रूपं बदलली, तुमचा चेंडू मात्र आहे तोच आहे. असो. बातमीची मला भीती वाटली नाही. २०२५ च्या मे महिन्यातही एनबी.१.८.१ आणि एलएफ.७ अशी मोटारसायकलीच्या नंबरासारखी नावं छापून आली होती, तेव्हाही आम्ही दुकान उघडलं आणि गिऱ्हाईक आलं. पण कालच्या बातमीची शेवटची ओळ डोळ्यांत खुपली. 'गरज भासल्यास निर्बंधांचा विचार होऊ शकतो.' गरज कुणाला भासल्यास, आणि निर्बंध किती वाजेपर्यंतचे, एवढंच विचारायला हे पत्र.

आमचं बांगड्यांचं दुकान आहे. बीड जिल्हा, गोदाकाठ. सासूबाईंच्या हाताखाली बांगड्या भरायला शिकले त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. वर्षाची कमाई लग्नसराईत आणि पंचमीला. पंचमीला लेकी माहेरी येतात आणि दुसरं काही घेवो न घेवो, हिरव्या बांगड्या भरल्याशिवाय कुणी परत जात नाही.

२०२१ साली नागपंचमी १३ ऑगस्टला होती, शुक्रवारी. तारीख मला पंचांग न बघता सांगता येते, कारण दुकान रात्रीपर्यंत उघडं ठेवायची सूट १५ ऑगस्टला मिळाली.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: त्या जूनमध्ये निर्बंधांचे पाच स्तर काढले होते, पहिला सगळ्यात मोकळा, पाचवा सगळ्यात कडक. पॉझिटिव्हिटी किती, ऑक्सिजनचे बेड किती भरले, त्यावर जिल्ह्याचा स्तर. ठीक होतं, निदान हिशेब होता. मग डेल्टा प्लस हे विषाणूचं नवं रूप आलं. राज्यात २१ रुग्ण, त्यांतले नऊ रत्नागिरीचे, सात जळगावचे, मराठवाड्यातला एकही नाही. २५ जूनला आदेश निघाला की आकडे कितीही चांगले असोत, तिसऱ्या स्तराच्या खाली कुणीच यायचं नाही. तिसरा स्तर म्हणजे आमच्यासारख्यांची दुकानं चारला बंद, शनिवार-रविवार तर उघडायचीच नाहीत. २ ऑगस्टला बहुतेक जिल्ह्यांना रात्री आठपर्यंत मोकळीक दिली आणि ११ जिल्हे तसेच ठेवले. अख्ख्या मराठवाड्यातला त्यात एकटा बीड! आमचे आकडे वाईट होते, मान्य. त्याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण चार वाजण्याशी आहे. श्रावणात कापसाची खुरपणी चालू असते. बाया सकाळी भाकरी बांधून निघतात त्या दिवस कलल्यावर परततात. बांगड्या भरायची वेळ साडेपाच ते आठ. चारपर्यंत मी दुकानात माश्या मारत बसायची आणि गिऱ्हाईक रस्त्यावर दिसायला लागलं की शटर ओढायची. एक बाई मला म्हणाली, "काकू, चार वाजता आम्ही रानात असताव, तुमचं दुकान उघडं असून काय उपेग?" काय उत्तर देणार? शहरात बसून चारची वेळ ठरवणाऱ्याला वाटलं असेल की बायका दुपारी जेवण उरकून खरेदीला निघतात.

आणि गोदावरीच्या पुलापलीकडे शहागड. तो जालना जिल्हा. तिथं आठपर्यंत सगळं खुलं. मग काय झालं? आमच्या गावच्या बाया काळीपिवळीत दहा-दहा, बारा-बारा कोंबून पलीकडे बांगड्या भरायला जाऊ लागल्या. जी गर्दी होऊ नये म्हणून माझं शटर पाडलं, ती गर्दी गाडीत बसून पूल ओलांडत होती. डेल्टा प्लसला बहुधा पुलावर अडवत असावेत, त्याशिवाय हा नियम मला तरी समजत नाही.

तुम्ही म्हणाल, हात हातात घेऊन करायचा धंदा, संसर्ग होणारच. बरोबर आहे. एका हाताला पाच-सात मिनिटं लागतात, तोंड समोरासमोर असतं. दोन-सहा मापाचा हात असून त्याहून लहान दोन-चारच मागणारी असली तर त्याहून जास्त. मी मास्क लावून, बाहेर ओट्यावर पाट टाकून, एकेकीलाच बसवत होते. तेच काम संध्याकाळी अडीच तासांत पसरलं असतं तर निवांत झालं असतं. पण पंचमीच्या आदल्या दिवशी बायांनी रोज बुडवला आणि अकरा ते चारमध्ये सगळ्या एकदम आल्या. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

चार वाजून गेले तरी एक म्हातारी आपल्या नातीला घेऊन बसलेली होती. पोरीच्या एका हातात बांगड्या भरून झाल्या होत्या, दुसरा हात रिकामा. एक हात रिकामा ठेवून कुणाला उठवत नाहीत. शटर अर्धं ओढून, मोबाईलच्या उजेडात मी दुसरा हात घेतला. तेवढ्यात पथक आलं. पाचशे रुपये दंड. पावती बघितली तर 'विनामास्क'. मास्क माझ्या तोंडावर होता! विचारलं तर म्हणाले, हेच पावतीपुस्तक शिल्लक आहे. त्या गडबडीत तीन बांगड्या वाढवल्या, म्हणजे फुटल्या, त्या कुणाच्या खात्यावर लिहायच्या?

मी निर्बंधांच्या विरोधात आहे असा अर्थ कृपया काढू नये. माझ्या जाऊबाई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या. दवाखान्यात आत नेताना हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या. मीच भरलेल्या होत्या, ओळखू आल्या. तेव्हा कुणी दार लावलं असतं तर मी स्वतः कडी घातली असती. पण आधीच्या डिसेंबरात ब्रिटनच्या स्ट्रेनच्या नावानं महापालिकांच्या शहरांत रात्रीची संचारबंदी लावली होती, आणि ज्यानं आमच्या घरातला माणूस नेला तो आपल्याच देशात पहिल्यांदा सापडला होता. मार्चच्या शेवटी त्याला 'डबल म्युटंट' म्हणत होते, डेल्टा हे नाव ३१ मेला मिळालं. तोवर जाऊबाईंचा महिना होऊन गेला होता.

नवं रूप वेगानं पसरतं का, लसीला दाद देतं का, हे कळायला वेळ लागतो, तोवर जपून राहावं, एवढं मलाही कळतं. इथला नमुना पुण्याला जाणार, तिथं तपासणार, अहवाल येईपर्यंत पेशंट बरा होऊन खुरपायला लागलेला. म्हणून घाईनं आदेश काढावा लागतो, तेही समजलं. पण घाईनं काढलेला आदेश घाईनं दुरुस्त का होत नाही? पुढं २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या वेळी शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद म्हणून सांगितलं आणि ओरड झाल्यावर २४ जानेवारीपासूनच उघडू दिल्या. म्हणजे तारीख अलीकडे घेता येते. मग २०२१ च्या ११ ऑगस्टला रात्री दहापर्यंतची सूट जाहीर केली ती लागू करायला पंधरा तारीख कशाला? झेंडावंदनासाठी? तेरा तारीख दोनच दिवसांवर होती. मंत्रालयात कुणाच्या घरी पंचमी नसते का?

त्या वर्षी फिरोजाबादहून मागवलेल्या मालातल्या निम्म्या पेट्या तशाच राहिल्या. बांगडी नासत नाही, असं यजमान म्हणाले. नासत नाही, पण दुसऱ्या वर्षी पोरी नवी नक्षी मागतात.

जाता जाता, तुमच्या वार्ताहरांना एक विचारायचं होतं. मार्च २०२० मध्ये आमच्या शेजारच्या गावची एसटीची मुक्कामी गाडी कोरोनामुळे 'तात्पुरती' बंद झाली. एप्रिल २०२२ च्या पाडव्याला सगळे निर्बंध उठले, मास्कही ऐच्छिक झाला. गाडी अजून आलेली नाही. तिथल्या पोरी बारावीच्या क्लासला सकाळी सहा किलोमीटर चालत येतात. कुठला व्हेरियंट संपायची वाट बघतेय ती गाडी, तेवढं विचारून छापलंत तर बरं होईल. त्या गाडीनं माझंही सकाळचं गिऱ्हाईक यायचं, हेही लपवत नाही.

मागच्या वेळी तुम्ही माझं पत्र अर्धं कापलं होतं. या वेळी कापायचंच असेल तर गाडीचं कापू नका.

आपली,
एक वाचक, बीड जिल्हा

(नाव छापू नये. दुकान अजून त्याच रस्त्यावर आहे. 'विनामास्क'च्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.)