चि. राजूस : अप्पा-अव्वांविषयी आणि धुळीविषयी

चि. राजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राजस्थानातल्या किशनगडहून पाठवलेला तुझा फोटो मिळाला. हातात ग्राइंडर आहे, मागे क्वार्ट्झच्या स्लॅब ओळीने उभ्या आहेत आणि तुझ्या भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या झाल्या आहेत. बाबांनी तो फोटो गल्लीभर दाखवला. आपल्या घरात सुपरवायझर झालेला तू पहिलाच, तेव्हा कौतुक मलाही आहे. पण फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा तुझ्या नाकावर नुसता हातरुमाल बांधलेला दिसला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर हा विषय काढला की "आई, इथे सगळे असेच करतात" म्हणून तू बोलणे दुसरीकडे नेतोस, म्हणून लिहीत आहे.

लिहायची आहे ती अप्पा आणि अव्वांची, माझ्या आईवडिलांची हकीकत. ती तुला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे, सलग कोणी सांगितलेली नाही. त्याआधी एवढेच विचारते, की तिथे स्लॅब पाणी सोडून कापतात की कोरडी?

दसरा झाला की अप्पांचे पाल गाढवांवर लादले जायचे आणि मृगाच्या तोंडावर परतायचे. सांगोला, मंगळवेढा, जत, पुढे विजापूरच्या बाजूची गावे, असा तो फेरा असे. ओढ्याकाठी पाल पडले की अप्पा आधी दगड पाहायला जात. उघड्या पडलेल्या काळ्या पाषाणावर हातोडी ठोकून ते आवाज ऐकत आणि दगडाची नस कुठे जाते ते ठरवीत. मग त्या रेषेवर छिन्नीने ओळीने भोके पाडायची, प्रत्येक भोकात लोखंडी पाचर बसवायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरीवर सारख्या जोराने घण घालत जायचे. एकाच पाचरीवर जोर दिला तर दगड वाकडा फुटतो आणि दिवस वाया जातो. फुटायच्या आधी त्याचा आवाज बदलतो; तो ऐकू आला की अप्पा घण खाली ठेवून दोन पावले मागे सरत. त्या दगडातून जाती, पाटे, वरवंटे, उखळे घडत.

गावात शिरायची ती अव्वा. "जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकी" ही तिची हाळी मला आजही आठवते. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत झाली की पीठ भरड पडते आणि दळणारीचे खांदे भरून येतात. अव्वा वरची तळी उतरवून अंगणात उकिडवी बसायची, मधल्या खिळीपासून कडेकडे टाकीचे ठिपके घालीत जायची आणि मधूनमधून डोळे मिटून तळीवरून तळहात फिरवायची, कारण कुठे खोल गेले ते तिला हाताला कळे. शेवटी मूठभर ज्वारी दळून ते पीठ फेकून द्यायला सांगे. त्यात कच असते. मोबदला म्हणून जोंधळे मिळत, सोबत कधी कोरड्यास आणि भाकरी.

बसण्यापूर्वी ती घरधनिणीकडे तांब्याभर पाणी मागायची. बायकांना वाटे, तहान लागली असेल. ती त्यात पदराचे टोक भिजवून नाकातोंडाला घट्ट बांधायची आणि उरलेले पाणी तळीवर शिंपडायची. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला हे कोणी शिकवले, मला सांगता येत नाही. तूही हेच कर असे मी म्हणत नाही, कारण तुझ्या कामाला ओला पदरही पुरणार नाही. पण तुझा रुमाल तर कोरडा आहे, राजू.

1972 साल सांगते आहे, माझ्या डोळ्यांदेखतचे. त्या दुष्काळात पाल हलले नाही. दोघेही सरकारी कामावर खडी फोडायला गेली. खडी ब्रासवर मोजली जाई, म्हणजे शंभर घनफुटांचा ढीग. ढीग अप्पांच्या नावाचा असे आणि त्यातली निम्मी खडी अव्वेने फोडलेली असे. तिचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. अप्पांनाही कागदाची धास्तीच होती. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांत आपण होतो. अप्पांच्या वडिलांना गावोगाव पाटलापुढे हजेरी द्यावी लागली होती, आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी ते जोखड उतरले तरी नाव लिहून घेणाऱ्याकडे अप्पा संशयानेच पाहत. मला आश्रमशाळेत घातले तेव्हा मात्र त्यांनी माझे नाव मास्तरांकडून दोनदा वाचून घेतले.

पुढे गावोगाव वीज आली, पिठाच्या गिरण्या आल्या आणि जात्याला गिऱ्हाईक उरले नाही. मुकादमाकडून उचल घेऊन दोघे इलकलच्या खाणीवर गेली. तो तांबडा ग्रॅनाइट अप्पांना इतका आवडला, की सुट्टीत भेटायला येताना ते माझ्यासाठी त्याची कपची घेऊन आले होते. तिथे कॉम्प्रेसरच्या ड्रिलने कोरडी भोके पाडायची. अव्वा बाहेर उघड्यावर तुकडे घडवायची, पदर बांधून. अप्पा ड्रिलवर उभे असायचे. तिथली रोजंदारी अधिक होती.

काही वर्षांनी खोकला सुरू झाला. क्षयाचे औषध चालू झाले, अनेक महिने चालले, गुण आला नाही. ज्या दवाखान्यात आम्ही जात होतो तिथे त्यांना एकदाही कोणी विचारले नाही, की बाबा, तुम्ही काम काय करता? दुसऱ्या एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरून तो प्रश्न विचारला, तेव्हा सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. फुप्फुसात रुतलेली ती धूळ काढता येत नाही. शेवटी शेवटी अप्पांना आडवे होता येत नसे, ते भिंतीला टेकून बसून झोपत. 1990 मध्ये ते गेले. मुकादमाने सांगितले, या नावाचा माणूस आमच्या मस्टरवर नाही. ते खरेच होते.

आता जे लिहिते ते शिक्षिका म्हणून लिहिते. हा रोग दगडातल्या मोकळ्या सिलिकेच्या धुळीने होतो. बसाल्टमध्ये ती जवळजवळ नसते. त्या काळ्या दगडावर अप्पा उमेदीची सगळी वर्षे राबले आणि धडधाकट राहिले. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण तिसरा हिस्सा असते. तुझ्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये ती 90 टक्क्यांपर्यंत असते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्या स्लॅबवर बंदी घातली, कारण तिथले तरुण कारागीर आजारी पडू लागले होते. जी धूळ भुवयांवर दिसते ती त्यातल्या त्यात बरी. छातीत उतरते ती डोळ्यांना दिसतच नाही आणि रुमालातून आरपार जाते. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, योग्य फिल्टरचा मास्क लागतो, आणि मास्कच्याही आधी पाणी लागते. कामाचे कपडे तिथेच बदलावेत. झाडू मारू नये, ओले पुसावे.

पाहा, फळ्यापुढे उभी राहिल्यासारखी बोलत सुटले. तू डिप्लोमा केलेला मुलगा आहेस, यातले पुष्कळ तुला माहीत असेल. रागावू नकोस, मला क्षमा कर. नोकरी सोड असे मी म्हणणार नाही. स्लॅबवर बोटाने टकटक करून तू भेग ओळखतोस असे तू मागे सांगितलेस, तेव्हा अप्पांचा कान तुझ्यात उतरला म्हणून मला रडू आले होते. अव्वा असती तर तिने तुला जवळ घेतले असते, आणि मग रुमालावरून ओरडली असती.

शिवाय तू एकटा नाहीस. तुझ्या हाताखाली दहा-बारा मुले आहेत म्हणालास. त्यांना पाणी मिळते की नाही हे तुला ठरवता येईल, त्यांची नावे मस्टरवर आहेत की नाहीत हे तुला पाहता येईल. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांपैकी आहे, आणि राजस्थान सरकारने 2019 मध्ये या रुग्णांसाठी धोरणही केले आहे. पण त्या मदतीला प्रमाणपत्र लागते, आणि नोंद नसलेल्या माणसाची तिथवर पोचताना दमछाक होते. मालकाशी बोलताना आवाज चढवू नकोस, पण बोल. नोकरीवर आच येईल अशी भीती मलाही वाटते, हेही लिहून ठेवते.

या महिन्यात छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी करून घे, म्हणजे पुढे ताडून पाहायला ती हाताशी राहील. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन काम सांग. मास्कचे पैसे बाबा पाठवत आहेत, ते दुसरीकडे खर्च करू नकोस. ताईचे बरे चालले आहे, धाकटीला दात आला.

उत्तरात बाकी सगळे नंतर लिही. स्लॅब पाण्यावर कापतात की कोरडी, ते आधी लिही.

तुझी,
आई