क्रूझची केबिन बोटीत नेमकी कुठं आहे, ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या सुट्टीतल्या क्रूझवर लेख आला होता. फोटो झकास होते, पण केबिनबद्दल त्यात एकच वाक्य, बजेट असेल तर बाल्कनी घ्या नाहीतर इनसाइड, म्हणजे खिडकी नसलेली आतली केबिन, घ्या. एवढ्यावरच विषय संपवलेला मला पटला नाही म्हणून हे पत्र लिहितेय. कोल्हापुरात सध्या ज्याला त्याला क्रूझला जायचंय, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्येच कितीजणींनी चौकशी करून ठेवलीय, आणि प्रत्येकीला एजंटनं हेच विचारलंय, बाल्कनी की इनसाइड? केबिन कुठल्या डेकवर (म्हणजे मजल्यावर), बोटीच्या पुढं की मधे की मागं, डोक्यावर काय आणि पायाखाली काय, हे ना एजंट सांगत ना कोणी विचारत. माझं स्पष्ट मत आहे की बाल्कनी आहे की नाही यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे, निदान घरातली साठीच्या पुढची माणसं बरोबर असतील तर नक्कीच.

आधी बोट लागण्याचं बघू, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. गगनबावड्याच्या घाटात एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याला जे होतं ते मधल्या सीटवाल्याला होत नाही, बोटीतही तसंच असतं. लाटांवर बोटीची दोन्ही टोकं वरखाली होतात, मध्यभाग त्यामानानं शांत राहतो, आणि बोट डावीउजवीकडं कलते तेव्हा जितकं उंच डेकवर असाल तितकं जास्त हेलकावतं. म्हणजे ज्याला गाडी लागते त्यानं खालच्या डेकवरची, लांबीच्या बरोब्बर मधली केबिन घ्यावी. आता एजंट म्हणतात नव्या बोटींना स्टॅबिलायझर असतात, काही जाणवत नाही. असतात, खरंय, बोटीच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख बाहेर येतात, पण ते डावीउजवीकडचं कलणं कमी करतात, पुढंमागं वरखाली होण्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यामुळं पुढच्या टोकाची उंचावरची बाल्कनी, जी ब्रोशरमध्ये सगळ्यात महागड्या पानावर असते, ती मळमळ होणाऱ्या माणसासाठी सगळ्यात वाईट जागा ठरू शकते. आणि एक, मळमळायला लागलं की नजर लांब क्षितिजावर ठेवली की बरं वाटतं, कारण कानाला जी हालचाल कळतेय ती डोळ्यालाही दिसते. म्हणून अशा माणसाला खिडकी पाहिजेच, पण त्यासाठी बाल्कनी लागत नाही, खालच्या डेकवरची, मधल्या भागातली साधी ओशन व्ह्यू, म्हणजे नुसती खिडकीवाली केबिन पुरते आणि बऱ्याचदा ती कितीतरी स्वस्त असते. गोळ्या काय घ्यायच्या ते निघण्याआधी डॉक्टरना विचारावं, बीपी शुगरवाल्यांनी तर जरूर.

दुसरं म्हणजे आवाज. याबद्दल कुठं एक ओळ छापलेली मला दिसत नाही. पूल डेकच्या बरोब्बर खालची केबिन मिळाली की पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर. थिएटरच्या किंवा डिस्कोच्या वर मिळाली तर रात्री उशिरापर्यंत गादीखालून धडधड. पुढच्या बाजूला खालच्या डेकवर असाल तर बोट धक्क्याला लागताना तिला आडवी सरकवणारे थ्रस्टर चालू होतात ते आणि नांगराच्या साखळीचा खडखडाट, आणि हे सगळं बहुतेक वेळा पहाटेच, कारण बोटी सकाळी पोचतात. मागं खाली असाल तर इंजिनाची थरथर. लिफ्टच्या दारालगतची केबिन नको, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गप्पा चालूच असतात, पण लिफ्टपासून फार लांबही नको, कारण बोटी दोनदोनशे मीटर लांब, काही तर तीनशेच्याही पुढं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला जेवायला जायचं म्हणजे तो पॅसेज संपता संपत नाही. सगळ्यात शांत केबिन कुठली, तर जिच्या वरच्या डेकवर पण केबिन आणि खालच्या डेकवर पण केबिन. हे शोधायला हुशारी लागत नाही, कंपनीच्या वेबसाइटवर डेक प्लॅन असतो, वरचा डेक, आपला डेक, खालचा डेक असे तिन्ही नकाशे एकमेकांशेजारी ठेवून बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे आणि मोबाईलवर पण होतं.

खिडकीतही प्रकार असतात. ओशन व्ह्यू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मोठी काच येते पण खालच्या डेकवर ती बऱ्याचदा लहान गोल खिडकी असते, आणि कुठलीच उघडत नाही. मधल्या काही डेकवर खिडकीच्या समोर लाइफबोट टांगलेली असते, तिथं समुद्राऐवजी दिवसभर लाइफबोटीचं पोट बघत बसायचं. कंपन्या अशा केबिनला ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू म्हणून कमी दरात विकतात, ते त्यांच्या यादीत लिहिलेलं असतं, म्हणजे लपवाछपवी नाही, पण आपल्यापर्यंत येईपर्यंत तो शब्द मधेच कुठंतरी गळतो आणि फक्त सी व्ह्यू उरतं. ज्यांना नुसता उजेड हवाय त्यांच्यासाठी ही केबिन मस्त आहे, मात्र माहीत असून घेतलेली असावी.

आता आपल्या इथल्या लोकांचा मुख्य प्रश्न, मुंबई गोवा. कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट २०२१ पासून मुंबईहून सुरू झाली तेव्हापासून हीच क्रूझ सगळ्यांना माहिती. पण बघा, कोल्हापूरहून गोवा गाडीनं अर्ध्या दिवसाच्या आत येतो. आपण उलट मुंबईला जाणार, तिथून बोटीनं गोव्याला, म्हणजे पैसे गोव्याचे नाहीतच, बोटीवरच्या वेळाचे आहेत. अशा दोनतीन रात्रींच्या क्रूझमध्ये माणूस केबिनमध्ये असतो किती? जेवण, शो, पूल, डेकवर वारा खात बसणं यातच दिवस जातो, आणि हे सगळं इनसाइडवाल्याला आणि बाल्कनीवाल्याला सारखंच मिळतं (स्वीटवाल्यांना काही कंपन्या वेगळा लाउंज वगैरे देतात, ते सोडा). शिवाय ही बोट १९९० साली बांधलेली, त्या काळच्या बोटींना बाल्कन्या कमीच असायच्या, त्यामुळं असतील त्या थोड्या बाल्कन्या महाग पडतात. तरुण पोरांनी छोट्या क्रूझला बिनधास्त इनसाइड घ्यावी असं मला वाटतं, अंधारात झोप गाढ लागते आणि वाचलेल्या पैशात अजून एक ट्रिप होते. बाल्कनी घेणारच असाल तर बाजू तरी बघा. मुंबईहून गोव्याला जाताना बोटीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे पश्चिम उजव्या हाताला, सूर्यास्त उजव्या बाजूच्या बाल्कनीतून दिसणार, आणि परत येताना त्याच बाल्कनीतून किनाऱ्याच्या बाजूचा सूर्योदय.

लक्षद्वीप किंवा पाचसहा रात्रींची सिंगापूरची क्रूझ असेल तर हिशोब बदलतो, पूर्ण दिवस समुद्रातच असतात, तेव्हा दुपारी पडल्यापडल्या उजेड पाहिजे असं वाटतं. लक्षद्वीपला तर मोठी बोट लांब उभी राहते आणि छोट्या होडीतून बेटावर जायचं असतं, समुद्र खवळला तर तेही रद्द, ज्यांना चढउतार जमत नाही ते दिवसभर बोटीतच. त्यांच्यासाठी बाल्कनीचे पैसे मोजायला मी कधीच नको म्हणणार नाही. अलास्काच्या हिमनद्या नाहीतर नॉर्वेचे फ्योर्ड (डोंगरांमधल्या अरुंद खाड्या) बघायला जाणाऱ्यांनाही तेच सांगेन, तिथं बोट डोंगराच्या अगदी जवळून जाते आणि थंडीत डेकवर उभं राहवत नाही.

आपल्याकडं क्रूझला एकटंदुकटं कोणी जात नाही, आईवडील, दीर, जाऊ, पोरं असा गोतावळा निघतो. तेव्हा सगळ्यांना एकाच प्रकारची केबिन घेण्याची काही गरज नाही. सासूसासऱ्यांना बाल्कनी द्या, पॅसेजच्या पलीकडं बरोब्बर समोरची इनसाइड पोरांना द्या, संध्याकाळचा चहा सगळ्यांनी म्हाताऱ्यांच्या बाल्कनीत घ्या. खर्च निम्म्यावर नाही आला तरी बराच उतरतो आणि ज्याला खरा उपयोग आहे त्याला समुद्र मिळतो. लहान मूल असेल तर मात्र बाल्कनीच्या दाराची कडी आणि कठडा याचा विचार आधी करा. चौघं एका केबिनमध्ये बसतात असं सांगितलं तर विचारा कशी बसतात, कारण तिसरा चौथा बेड बऱ्याचदा भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा असतो, वर चढायला शिडी. इनसाइड केबिन साधारण १२० ते १८० चौरस फुटांची, त्यात चार माणसं आणि चार बॅगा म्हणजे काय होईल ते बघा. बाथरूमही अगदी छोटं असतं. व्हीलचेअर लागत असेल तर रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या वेगळ्या केबिन असतात, पण त्या मोजक्याच, त्यामुळं लवकर बुक कराव्या लागतात.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग आहे ती गॅरंटी केबिन. याचा अर्थ प्रकार पक्का, नंबर कंपनी नंतर देणार, बऱ्याचदा निघायच्या थोडंच आधी. दर कमी असतो आणि ज्यांना कुठलीही जागा चालते त्यांच्यासाठी वाईट नाही. पण इथल्या एका एजंटनं माझ्या नणंदेच्या घरच्यांना गॅरंटी म्हणजे अपग्रेडची गॅरंटी असं सांगून पैसे घेतले. प्रत्यक्षात अपग्रेड राहिलं बाजूला, सासूबाई एका डेकवर, बाकीचे दोन डेक खाली, आणि रात्री त्यांना चक्कर आली तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. फोन करून कळवेपर्यंत त्या माऊली एकट्याच घाबरून बसल्या होत्या. परत आल्यावर एजंटचं उत्तर, कंपनीचा नियम आहे. नियम होताच हो, पण पैसे घेण्याआधी तो सांगायचं काम कोणाचं?

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीत पुढच्या वेळी एक पान याच्यासाठी द्या. एखाद्या बोटीचा डेक प्लॅन छापा, त्यावर खुणा करून दाखवा कुठं हलतं, कुठं आवाज येतो, कुठं लाइफबोट आडवी येते. आणि आपल्या शहरातल्या टूरवाल्यांनाही सांगणं आहे, कोटेशनमध्ये नुसतं इनसाइड किंवा बाल्कनी लिहू नका, डेक कुठला, पुढं मधे की मागं, नंबर आत्ता मिळणार की गॅरंटी आहे, व्ह्यू अडलेला आहे का, दोनच माणसं धरून दर आहे की एकट्याला जास्त पडणार, पोर्ट चार्ज, टिप आणि जीएसटी धरून आहे की वेगळं, हे सगळं लेखी द्या. ग्राहकांनीही हे कागदावर आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नये, एजंट कितीही ओळखीचा असला तरी. दिवाळीचं बुकिंग आत्ताच चालू आहे आणि मधल्या भागातल्या केबिन सगळ्यात आधी संपतात, त्यामुळं येत्या रविवारीच छापलंत तर लोकांना उपयोग होईल.

आपली,
एक नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर